आठ वाजताचा फोन: डॉक्टर, रांग आणि न्याय

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायाची कल्पना पुस्तकांतून पाहिली. आज ती दवाखान्याच्या दारात नेऊन उभी करू. विषय सुचवला तो इंग्लंडमधल्या आपल्या श्रोत्यांनी, आणि त्या सगळ्यांच्या तक्रारीचा सूर एकच आहे: डॉक्टर आहे, फुकट आहे, बरेचदा चांगलाही आहे, पण भेटत नाही.

आधी एका शब्दाचा घोटाळा मिटवू. तिकडे गल्लीतल्या डॉक्टरच्या दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात. आपल्याकडून पहिल्यांदा गेलेल्या आजीबाईंना ‘उद्या सर्जरीत जायचंय’ असं सांगितलं की त्यांच्या पोटात गोळाच येतो. तिथं कापाकापी काही नसते. तिथं बसतो तो जीपी, म्हणजे आपला जुना फॅमिली डॉक्टर.

आता व्यवस्था काय आहे ते बघा. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, एनएचएस, सुरू झाली. अन्युरिन बेव्हन हे तेव्हाचे आरोग्यमंत्री, वेल्सच्या खाणकामगाराचा मुलगा. उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशात हात घालायचा नाही, हे तिचं मूळ तत्त्व. पण गल्लीतले डॉक्टर सरकारी नोकर व्हायला तयार नव्हते. मग तडजोड झाली: दवाखाना डॉक्टरांचाच राहील, सरकारशी करार होईल आणि पैसे मुख्यतः नोंदवलेल्या माणसांच्या डोक्यांवर मिळतील. हा सांगाडा आजही बव्हंशी तसाच आहे. प्रत्येकानं एका दवाखान्यात नाव नोंदवायचं. तज्ज्ञाकडे जायचं तर बहुतेक वेळा जीपीची चिठ्ठी लागते. आपल्याकडे पाठ दुखली की माणूस तडक हाडांच्या डॉक्टरकडे जातो, तसं तिकडे नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या वाड्याला दिंडीदरवाजा एकच, आणि तोच अडकला तर?

अडकला आहे. आज इंग्लंडमध्ये पूर्ण प्रशिक्षित जीपीमागे दोन हजारांहून अधिक नोंदवलेले रुग्ण आहेत. माणसं जास्त जगतात, एकेकाला तीन-तीन जुनाट आजार असतात, आणि भेटीची वेळ साधारण दहा मिनिटं. मग बऱ्याच दवाखान्यांत प्रथा पडली ती अशी: सकाळी आठ वाजता फोनची लाइन उघडायची, त्या दिवसाच्या भेटी वाटायच्या, संपल्या की संपल्या. ‘उद्या आठला पुन्हा करा.’

आता आम्हाला इथं थोडं थांबायचं आहे. कारण ‘जो आधी येईल त्याला आधी’ हा नियम ऐकायला इतका न्याय्य वाटतो की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. एसटीच्या रांगेत तो चालतोही. तिथं सगळ्यांची गरज एकच असते, जागा मिळण्याची. दवाखान्यात एकाला सर्टिफिकेट हवं असतं, दुसऱ्याच्या छातीत कळ असते. दोघांना एकाच रांगेत उभं केलं तर ते समान वागवणं झालं का? अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात वाटपाच्या न्यायाची चर्चा करताना हेच बजावलं होतं: समानांना समान, असमानांना त्या असमानतेच्या प्रमाणात. बरं, प्रमाण कशाचं? इथं बर्नार्ड विल्यम्स मदतीला येतो. समतेच्या कल्पनेवरच्या त्याच्या १९६२ च्या निबंधात मुद्दा अगदी साधा आहे. वैद्यकीय उपचार वाटण्याचा योग्य आधार म्हणजे आजारीपण. पैसा हा उपचार मिळवण्याची अट होऊ शकतो, पण कारण होऊ शकत नाही.

विल्यम्सच्या डोळ्यांसमोर पैसा होता. आपण त्याचाच युक्तिवाद आठच्या फोनला लावू. फोनवर कोण जिंकतो? ज्याला आठ वाजता मोकळा वेळ आहे, ज्याचं बोट पुन्हा पुन्हा डायल करताना थकत नाही, ज्याला वीस मिनिटं ते संगीत ऐकत बसता येतं. आठला बस चालवणारा हरतो. मुलांना शाळेत सोडणारी बाई हरते. ज्याला ऐकू कमी येतं तो हरतो. आणि खरा तापानं फणफणलेला माणूस तर आठ वाजता झोपलेला असतो! म्हणजे पैशाची अट काढली आणि तिच्या जागी चिकाटीची अट आणून बसवली. चिकाटी हेही आजारीपण नव्हे.

मग सरकारनं काही केलं नाही का? केलं की. एनएचएसच्या २००० सालच्या योजनेत ठरलं की २००४ पर्यंत प्रत्येकाला जीपीची भेट ४८ तासांत मिळाली पाहिजे. हेतू उत्तम. पण दवाखान्यांनी काय केलं? पुढच्या आठवड्याची भेट आधी द्यायची म्हटलं तर ती ४८ तासांपलीकडे जाणार, आकडा बिघडणार. म्हणून काही दवाखान्यांनी आगाऊ भेट देणंच बंद केलं. रुग्णाला घाई नाही, त्याला पुढचा मंगळवार सोयीचा आहे, तरी नाही. त्यानं मंगळवारच्या आसपास पुन्हा फोन करायचा. २००५ च्या निवडणूक प्रचारात बीबीसीच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात एका बाईनं हे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तोंडावर सांगितलं. ब्लेअर चकित झालेले दिसले, त्यांना हे ठाऊकच नव्हतं. २०१० मध्ये ते लक्ष्य रद्द झालं. मोजायला सोपी गोष्ट मोजली की मोजायला अवघड गोष्ट कशी चेंगरते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला चाळीस वर्षांच्या अध्यापनात वर्गात द्यायला मिळालं नव्हतं.

एक घरातली गोष्ट सांगतो. आमची मावसबहीण मिडलंड्समधल्या एका गावात चाळीस वर्षं राहते. वय एकाहत्तर, एकटी. गेल्या हिवाळ्यात तिला बरं वाटेना. पहिल्या दिवशी रांगेत तेविसावा नंबर, वीस मिनिटांनी भेटी संपल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फोन लागला, तेव्हा रिसेप्शनवरच्या बाईनं विचारलं, नेमका त्रास काय? आता आमच्या बहिणीचं इंग्रजी उत्तम आहे, तिथं शाळेत नोकरी केली तिनं. पण दुखण्याची भाषा तिची मराठीच. तिला म्हणायचं होतं, ‘कसंसंच होतंय, जीव घाबरा होतो.’ ते इंग्रजीत उतरलं तेव्हा राहिलं एवढंच: थोडं बरं वाटत नाही. पडद्यावर नोंद झाली ‘तातडी नाही’. दहा दिवसांनंतरची वेळ मिळाली. सातव्या दिवशी ती स्वयंपाकघरात पडली, शेजारणीनं अँब्युलन्स बोलावली. रक्तदाबाच्या गोळीमुळे रक्तातलं सोडियम उतरलं होतं. एका साध्या रक्ततपासणीत कळलं असतं. आता ती बरी आहे, पण एकटी जिना चढायला घाबरते.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये ‘ज्ञानविषयक अन्याय’ अशी कल्पना मांडली. त्याचे दोन प्रकार. एकात माणूस खरं सांगतो, पण तो कोण आहे यावरून त्याच्या शब्दाला कमी वजन दिलं जातं. दुसऱ्यात ऐकणारा दुष्ट नसतो, पण त्या अनुभवाला सामावून घेणारा शब्दच दोघांच्या सामाईक साठ्यात नसतो. ‘कणकण’, ‘कळ’, ‘ठणका’, ‘शिणवटा’, ‘जीव घाबरा होणं’ हे वेगवेगळे अनुभव आहेत, पुण्यातला कंपाउंडरसुद्धा त्यांत फरक करतो. तिकडच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी चौकट नाही. शिवाय आपल्याकडे दुखणं कमी करून सांगणं हा संस्कार. ‘विशेष काही नाही हो, जरासं…’ अशीच सुरुवात. ज्या व्यवस्थेत तातडी शब्दांवरून ठरते, तिथं हा संस्कार महागात पडतो.

रिसेप्शनवरच्या बाईला मात्र खलनायिका करू नका. प्रश्न विचारायला तिला सांगितलेलं असतं, दिवसभर शिव्या ती खाते, आणि संपलेल्या भेटी तिनं संपवलेल्या नसतात.

मे २०२३ मध्ये आठच्या धांदलीवर इंग्लंडमध्ये अधिकृत योजना आली. पहिल्याच फोनला रुग्णाचं पुढं काय करायचं ते ठरवावं, ‘उद्या करा’ म्हणू नये, अशी अपेक्षा घातली गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून दवाखान्यांनी ऑनलाइन विनंतीची सोय सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा खुली ठेवायची आहे. तत्त्व म्हणून हे बरोबर दिशेनं आहे. आधी कोण आला यापेक्षा कुणाला जास्त गरज आहे ते बघायचं. पण मग सगळा भार पुन्हा सांगण्याच्या कौशल्यावर येतो, आणि आमच्या बहिणीचा प्रश्न तिथंच राहतो.

आता इथले श्रोते म्हणतील, आपलंच बरं, संध्याकाळी गेलं, नंबर लावला, दोन-तीनशे रुपये दिले, झालं. मध्ये एखादा औषध कंपनीचा बॅगवाला घुसतो, तेवढं सोसायचं. पण ज्याच्याकडे ते तीनशे नाहीत तो त्या रांगेत दिसतच नाही, म्हणून रांग छोटी वाटते. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘उलट्या काळजीचा नियम’ मांडला: जिथं आजार जास्त तिथं चांगली सेवा कमी. आणि बाजाराचा शिरकाव जितका जास्त तितका हा नियम कडक. त्याच वेल्सच्या खोऱ्यांत, जिथं इंग्रज डॉक्टर जायला नाखूष असत, तिथले दवाखाने अनेक वर्षं भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी चालवले. गडचिरोलीचं काय, हा विचार मनात येतोच. भेटीच्या वेळेचं म्हणाल, तर २०१७ मध्ये ६७ देशांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं, ब्रिटनमध्ये नवाच्या थोडी वर, आपल्याकडे दोनच्या आसपास. आपल्याला डॉक्टर लवकर भेटतो, पण किती भेटतो?

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोठं नुकसान वाटतं ते ओळखीचं. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात वर्षभरच नातं असलेल्यांच्या तुलनेत रुग्णालयात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्यानं कमी आढळलं. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. पण विचार करा, जुन्या फॅमिली डॉक्टरला ‘जीव घाबरा होतो’ हे भाषांतर करून सांगावं लागत नव्हतं. ही बाई कधी तक्रार करत नाही, आज करते आहे, एवढंच त्याला पुरत असे.

वेळ संपत आली, दोन चिठ्ठ्या घेऊ. एका श्रोतीनं विचारलं आहे, आईला इंग्रजी येत नाही, दवाखान्यात मीच बोलू का? बोला, पण एनएचएसमध्ये दुभाषी मोफत मिळतो. वेळ घेतानाच मराठी दुभाषी हवा असं सांगा आणि दुप्पट वेळेची भेट मागा. आणि आईचे शब्द आहेत तसे लिहून न्या, त्यांना सभ्य करू नका. दुसरी चिठ्ठी, इथून सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना जीपी बघतो का? इंग्लंडमध्ये बघतो, त्याची फी नाही. नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही, तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर तात्पुरती नोंदणी होते. रुग्णालयात भरती झालं तर मात्र पाहुण्यांना बिल येऊ शकतं, तेव्हा प्रवासाचा विमा काढताना जुने आजार फॉर्मवर लपवू नका.