'शुद्ध अ‍ॅनालॉग' म्हणून हजारो रुपये मोजले, आत निघालं डिजिटल! मग भारी आवाज नेमका येतो कुठून?

साल २०२२. अमेरिकेतल्या मोबाईल फिडेलिटी, म्हणजे चाहत्यांच्या भाषेत 'मोफाय', या कंपनीने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची खास व्हिनाईल आवृत्ती जाहीर केली. किंमत १०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ८ हजार रुपये. प्रती ४० हजार.

इथेच काही जणांना गणित खटकलं.

ही रेकॉर्ड ज्या पद्धतीने बनणार होती, त्यात मूळ टेप लावून एक मऊ तबकडी कोरायची आणि तिच्यापासून थेट साचा काढायचा. एका साच्यातून काही शे ते हजारभर प्रती चांगल्या निघतात. मग पुन्हा तबकडी कोरायची, पुन्हा टेप लावायची. ४० हजार प्रतींसाठी ती टेप निदान ४० वेळा तरी वाजवावी लागणार. आता 'थ्रिलर'ची मूळ टेप म्हणजे सोन्यासारखा ऐवज. टेप दर वेळी वाजवली की थोडी झिजते. मग ती इतक्या वेळा वाजवायला देणार कोण?

जुलै महिन्यात फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओ टाकून थेट म्हटलं, की मोफाय मधल्या टप्प्यात डिजिटल फाईल वापरते. गदारोळ झाला. कंपनीने त्यालाच कॅलिफोर्नियातल्या आपल्या स्टुडिओत बोलावलं आणि तिथे कंपनीच्या इंजिनिअरांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केलं. २०११ पासूनच्या अनेक रेकॉर्ड्समध्ये मूळ टेपवरून आधी डीएसडी नावाची उच्च दर्जाची डिजिटल फाईल बनवली होती आणि रेकॉर्ड त्या फाईलवरून कोरली होती.

कव्हरवर मात्र मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं, 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग'.

प्रकरण कोर्टात गेलं आणि साधारण अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. पण खरी गंमत पुढे आहे. यातल्या कित्येक रेकॉर्ड्सना याच मंडळींनी 'आजवरचा सर्वोत्तम आवाज' म्हणून डोक्यावर घेतलं होतं. ११ वर्षं लाखो रुपयांच्या सिस्टीमवर ऐकूनही डिजिटल टप्पा कुणाच्या कानांनी पकडला नाही. तो पकडला गणिताने आणि चौकशीने.

मग व्हिनाईल भारी की सीडी, हा वर्षानुवर्षांचा वाद खरा किती आणि हवा किती? समजून घेऊ.

ऑडिओफाईल म्हणजे कोण?

गाणं ऐकणारे आपण सगळेच. पण गाण्याइतकंच ते वाजतंय कसं, याच्यामागे लागणारा जो माणूस असतो, त्याला ऑडिओफाईल म्हणतात. तबल्याच्या बायाची घुमक खरी वाटते का, गायकाने श्वास कुठे घेतला हे कळतं का, वाद्यं आपापल्या जागी बसलेली 'दिसतात' का, यासाठी ही मंडळी टर्नटेबल, सुई, स्पीकर आणि एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्यांवर पैसा ओततात.

आता हा छंद मूठभरांचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हिनाईल रेकॉर्ड्सची विक्री ४ कोटी १० लाखांवर गेली आणि सीडी ३ कोटी ३० लाखांवर थांबली. १९८७ नंतर पहिल्यांदाच प्रतींच्या संख्येत व्हिनाईलने सीडीला मागे टाकलं.

व्हिनाईलवर गाणं राहतं कसं?

रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एकच लांबलचक बारीक खाच असते. तिला ग्रूव्ह म्हणतात. तिच्या भिंती आवाजाच्या लहरींप्रमाणे वेड्यावाकड्या कोरलेल्या असतात. सुई त्यातून जाताना थरथरते, त्या थरथरण्याची वीज होते आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज येतो.

यात अडचणी भरपूर. खर्जाचा आवाज कोरायचा तर खाच रुंद लागते. रुंद खाचेला जागा जास्त लागते, म्हणून एका बाजूवर गाणी कमी मावतात. त्यामुळे रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. घरी फोनो प्रीअ‍ॅम्प नावाचं सर्किट हे उलटं करून मूळ आवाज परत आणतं. १९५४ पासून यासाठी 'आरआयएए' नावाचं एक ठरलेलं माप आहे. म्हणजे 'काहीही न बदललेला आवाज' रेकॉर्डवर कधीच नसतो.

दुसरी अडचण वेगाची. रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. जागा कमी, माहिती तेवढीच. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं अनेकदा थोडं फाटल्यासारखं वाजतं, 'स' आणि 'श' टोचतात.

आणि सीडीवर?

सीडी १९८२ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. तिचं काम सरळ आहे. आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घ्यायची आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. ४४,१०० हा आकडा कशासाठी? एखादी लहर नीट परत उभी करायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नोंदी लागतात, आणि माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. तोही तरुणपणी.

सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. चांगल्या रेकॉर्डवर ते साधारण ६० ते ७० च्या आसपास असतं. कागदावर सीडी सरळ जिंकते.

मग सीडी ऐकून लोक नाकं का मुरडतात?

'लाऊडनेस वॉर': दोष डब्याचा नव्हता

१९९० च्या दशकात कंपन्यांच्या लक्षात आलं, की दोन गाणी पाठोपाठ वाजली तर मोठ्या आवाजातलं गाणं लोकांना जास्त चांगलं वाटतं. मग शर्यत लागली. सीडीवर आवाजाला कमाल मर्यादा असते, त्यापलीकडे जाता येत नाही. म्हणून गाण्यातले हळू भाग वर उचलले, उंच टोकं चेचून सपाट केली. ड्रमचा घाव आणि गायकाची कुजबुज एकाच उंचीवर. ऐकणारा दहा मिनिटांत थकतो, पण का थकलो हे त्याला कळत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. त्याच वेळी ही गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्येही आली. चाहत्यांनी तुलना केली तर गेममधली गाणी सीडीपेक्षा मोकळी आणि स्वच्छ वाजत होती. सीडी पुन्हा मास्टर करा म्हणून हजारो चाहत्यांनी ऑनलाईन सह्या केल्या.

म्हणजे ९६ डेसिबलचा वाडा बांधला आणि लोक राहिले एका खोलीत. व्हिनाईलची सुई इतका दणका सहन करत नाही, म्हणून रेकॉर्डसाठी अनेकदा वेगळं, सौम्य मास्टरिंग करावं लागतं. 'व्हिनाईल जास्त जिवंत वाटतं' यामागे कित्येकदा हे मास्टरिंगच असतं.

चाहत्यांच्या लाडक्या रेकॉर्ड्स काय सांगतात?

ऑडिओफाईल मंडळींच्या कपाटात हमखास सापडणारी काही नावं घेतली तर 'अ‍ॅनालॉग म्हणजे चांगलं, डिजिटल म्हणजे वाईट' हे समीकरण टिकत नाही.

टेलार्कची '१८१२ ओव्हर्चर' (१९७९): चायकोव्हस्कीची रचना, सिनसिनाटी सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि खऱ्याखुऱ्या तोफा. तोफांची खाच इतकी वाकडीतिकडी, की अनेकांच्या सुया उडून बाहेर पडायच्या. सिस्टीमला धोका आहे, अशी सूचनाच रेकॉर्डवर होती. ही रेकॉर्ड टर्नटेबलची परीक्षा घेण्यासाठी वापरली जायची. आणि तिचं रेकॉर्डिंग? डिजिटल. सीडी बाजारात यायच्या ३ वर्षं आधी.

डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५): कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर २४ ट्रॅकच्या डिजिटल मशीनवर रेकॉर्ड झाला. १० लाखांहून जास्त सीडी विकला गेलेला हा पहिला अल्बम. गंमत म्हणजे तेव्हाच्या रेकॉर्डवर जागा पुरली नाही, म्हणून काही गाणी छाटावी लागली. पूर्ण गाणी सीडीवर होती.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९): न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, दोन दिवसांत रेकॉर्ड झाला. उंच छताच्या त्या खोलीचा घुमार आजही ऐकू येतो. पण पहिल्या दिवशी एक टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर थोडी चढ्या स्वरात वाजायची. ३० हून जास्त वर्षं जग तीच ऐकत होतं. १९९० च्या दशकात दुसऱ्या, बरोबर वेगाच्या मशीनवरची टेप वापरून ती सुधारली. म्हणजे इथे 'पहिली अस्सल प्रत' चुकीची आणि नंतरची बरोबर.

लेड झेपेलिनचा 'लेड झेपेलिन २' (१९६९): इंजिनिअर बॉब लडविग यांनी तो दणदणीत खर्ज ठेवून कोरला. ते स्वतः सांगतात, की कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीच्या स्वस्त प्लेअरवर सुई उडाली आणि मग कंपनीने तो सौम्य करून पुन्हा कोरला. आज लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर 'आरएल' ही दोन अक्षरं कोरलेली मूळ प्रत शोधत लोक हिंडतात. अल्बम तोच, कव्हर तेच, आवाज मात्र वेगळा.

विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३): यात आपल्याकडची मोहनवीणा आहे. जयपूरचे भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक कूडर रेकॉर्डिंगच्या थोडा वेळ आधीच पहिल्यांदा भेटले. जागा होती कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामधलं एक चॅपल. निर्माते कविचंद्रन अलेक्झांडर यांनी प्रत्येक वाद्यापुढे माईक न ठेवता फक्त दोन माईकची जोडी लावली. सोबत व्हॉल्व्हवर चालणारी, हाताने बनवलेली यंत्रणा आणि अ‍ॅनालॉग टेप. नंतर मिक्सिंग करायला वाव नाही, कोण कुठे बसलाय तेच तुमच्या खोलीत उमटतं. १९९४ मध्ये अल्बमला ग्रॅमी मिळालं. आणि बहुतेकांनी तो ऐकला तो सीडीवर.

या पाचांत काही डिजिटल, काही अ‍ॅनालॉग. समान गोष्ट एकच. खोली, माईक आणि शेवटचं मास्टरिंग यावर कुणीतरी डोकं लावून मेहनत घेतली आहे. व्हिनाईल किंवा सीडी हा डबा आहे. डब्याने भाजीची चव थोडी बदलते, पण भाजी डब्यात होत नाही.

मग मोफायच्या ग्राहकांची तक्रार चूक होती का?

अजिबात नाही. आवाज चांगला होता, हे खरं. पण लोकांनी पैसे मोजले होते ते मूळ टेप आणि आपली रेकॉर्ड यांच्यामध्ये दुसरं काही नाही, या समजुतीसाठी. कंपनीने ती समजूत वर्षानुवर्षं तशीच राहू दिली. हापूस म्हणून दुसरा आंबा दिला आणि तो गोड निघाला, तरी फसवणूक ती फसवणूकच. या प्रकरणानंतर मोफायने कोणती रेकॉर्ड कशी बनली याची माहिती द्यायला सुरुवात केली, आणि इतर कंपन्यांनाही ग्राहक हाच प्रश्न विचारू लागले.

घ्यायची असेल तर काय बघाल?

'१८० ग्रॅम' या शब्दावर भुलू नका. जाड तबकडी सहसा वाकत नाही, पण वजनाने आवाज सुधारत नाही. 'रीमास्टर्ड' म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. अनेकदा त्याचा अर्थ फक्त 'जास्त मोठ्या आवाजात' एवढाच असतो. मास्टरिंग कुणी केलं, कोणत्या वर्षी केलं आणि स्रोत काय, हे कव्हरवर लिहिलं आहे का ते बघा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा.

जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना ती उजेडात तिरकी धरून चरे बघा. झिजलेल्या खाचेला महागडी सुई काही करू शकत नाही. आणि रद्दीच्या भावात मिळणाऱ्या १९८० च्या दशकातल्या सीडी दिसल्या तर हसू नका. लाऊडनेस वॉरच्या आधीच्या त्या सीडी कधी कधी आजच्या महागड्या आवृत्तीपेक्षा मोकळ्या वाजतात.

घरातल्या माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या रेकॉर्ड्स पडून असतील, तर सुरुवात तिथून करा. आधी धूळ झटका, सुई नवी आहे ना बघा आणि मग ऐका. नवीन काही विकत घ्यायची गरज आहे का, हे त्यानंतर ठरवता येईल.