"सर, तापाचा वेगळा डॉक्टर असतो का?"



दहावीच्या वर्गात करिअरचा तास चालू होता. हृदयाचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर अशी यादी फळ्यावर झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तापाचा वेगळा डॉक्टर असतो का?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. असा डॉक्टर खरंच असतो. त्याला संसर्गजन्य रोगतज्ज्ञ म्हणतात. तो कसा घडतो हे समजून घेतलं, तर आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू.

शिक्षण किती वर्षांचं?

आधी हिशोब मांडू.

- बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) आणि नीट परीक्षा
- एमबीबीएस : साडेचार वर्षे अभ्यास आणि 1 वर्ष इंटर्नशिप
- एमडी (मेडिसिन) : 3 वर्षे
- डीएम (संसर्गजन्य रोग) : 3 वर्षे

म्हणजे बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे, आणि एमडी व डीएमच्या आधी पुन्हा प्रवेश परीक्षा! दिल्लीचे एम्स, चंडीगडचे पीजीआय, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशा संस्थांत हा डीएम अभ्यासक्रम आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने जागा फार थोड्या आहेत.

या तज्ज्ञाकडे एकच अवयव नसतो

हृदयरोगतज्ज्ञाकडे हृदय, मूत्रपिंडतज्ज्ञाकडे मूत्रपिंड. मग याच्याकडे काय? तर पूर्ण माणूस, आणि तो माणूस जिथे राहतो ती जागा सुद्धा.

शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली, कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपीत ताप आला, अतिदक्षता विभागात कुणाचा रक्तदाब अचानक उतरला, की त्या त्या विभागाकडून याला बोलावणं येतं. म्हणूनच हे शिक्षण मोठ्या अध्यापन रुग्णालयातच होऊ शकतं. तिथे सगळे विभाग, सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारे वरिष्ठ डॉक्टर एकाच आवारात असतात.

पहिला धडा : विचारा आणि नीट बघा

शिकाऊ डॉक्टर आधी प्रश्न विचारायला शिकतो. शेतात काम करता का? पुराच्या पाण्यातून चाललात का? घरी गुरं आहेत का? जंगलात गेला होतात का? या गप्पा नव्हेत. साचलेल्या पाण्यातून चालण्याचा संबंध लेप्टोस्पायरोसिसशी असू शकतो. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने हा आजार अनुभवला आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात जंगलात जाणाऱ्या माणसाला ताप आला, तर गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचा विचार करावा लागतो.

दुसरं उदाहरण स्क्रब टायफसचं. झाडाझुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून हा आजार होतो. चावलेल्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते. पण ती असते कुठे? काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. कपडे बाजूला करून सगळं अंग तपासणाऱ्यालाच ती सापडते. सापडली तर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध काम करतं. नाही सापडली, तर महागडी इंजेक्शनं देऊनही ताप हटत नाही आणि रुग्ण दगावूही शकतो.

दुसरा धडा : प्रयोगशाळेची वाट

या तज्ज्ञाला प्रयोगशाळेतही बसावं लागतं. रुग्णाचं रक्त, लघवी किंवा थुंकी घेऊन त्यातले जंतू वाढवतात. याला कल्चर म्हणतात. मग जंतू पसरलेल्या थाळीत निरनिराळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, त्या औषधाने जंतूंची वाढ थांबली. चकतीला चिकटून जंतू वाढले, तर ते औषध निकामी. आठवी-नववीच्या मुलांना हे चित्र काढून दाखवा, प्रतिजैविक प्रतिरोध म्हणजे काय ते पटकन कळतं.

याला वेळ लागतो. साध्या जंतूंना एक-दोन दिवस, क्षयरोगाच्या जंतूंना तर काही आठवडे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर थांबता येत नाही. शक्यतो आधी रक्ताचा नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात. खरी परीक्षा अहवाल आल्यावर असते. सुरू केलेलं मोठं औषध बदलून साधं द्यायचं, की बंदच करायचं? औषध सुरू करायला फार धैर्य लागत नाही, बंद करायला लागतं. ते धैर्य अभ्यासातून येतं.

विद्यार्थ्याच्या प्रबंधाने देश जागा झाला

चेन्नईतल्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. भारतात एड्स नाहीच, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. त्यांनी डॉ. निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. रक्ताचे नमुने वेल्लोरला नेऊन तपासले आणि 1986 मध्ये भारतातले पहिले एचआयव्ही बाधित समोर आले. कुणी विचारत नव्हतं तो प्रश्न एका शिक्षिकेने आणि तिच्या विद्यार्थिनीने विचारला. आपल्या पेशाला याहून मोठं कौतुक कोणतं?

आपला काय संबंध?

2019 मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच, नोबेलच्या भाषणात, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता.

आणि आपण काय करतो? मुलाची परीक्षा जवळ आली की डॉक्टरांना म्हणतो, "जरा स्ट्राँग औषध द्या, उद्या शाळेत जायचंय." साधी सर्दी आणि डेंग्यू विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मी स्वतः मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मुलीला दिल्या आहेत, म्हणून हे अधिकाराने नव्हे, अनुभवाने सांगतो.

एवढं करू या :

1. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2016 मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीम सुरू केली. मुलांना घरी जाऊन ही रेघ शोधायला सांगा.
2. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस औषध घ्या. मनाने बंद नको, उरलेलं पुन्हा सुरू नको.
3. डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिकची गरज नाही," तर नाराज होऊ नका. त्या एका वाक्यामागे बरीच वर्षांची मेहनत असते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या यादीत शेवटचं नाव स्वतःच्या हाताने लिहायला लावलं. या वेळी वर्ग हसला नाही.