डिझेल पंपावर किसान कार्ड : मर्यादा कोणती, किती आणि कशासाठी?



मागच्या मृगातली गोष्ट. चांगला वाफसा आला होता. तालुक्याच्या गावी पंपावर एक शेतकरी बंधू ट्रॅक्टर घेऊन आले. टाकी भरली, ४ हजार २०० रुपये झाले. त्यांनी किसान कार्ड काढून दिलं, गुप्त अंक दाबला, तर मशीननं कार्ड नाकारलं. दुसऱ्यांदा घातलं, तरी तेच. खिशात रोख ६०० रुपये. डिझेल तर टाकीत गेलेलं. शेवटी ट्रॅक्टर पंपावरच ठेवून ते गावी परतले, उसने पैसे आणले, तोवर दुपार टळली. संध्याकाळी पावसानं गाठलं आणि पेरणी चार दिवस लांबली.

मला भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, बँकेनं १ लाख १७ हजार मंजूर केलेत. मी उचललेत चाळीस हजार. सत्त्याहत्तर हजार शिल्लक असताना चार हजाराला कार्ड का अडलं?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. पाचसहा जणांनी तरी मला हेच विचारलं आहे. म्हणून या पत्रकात आपण कार्डाच्या मर्यादेचा विचार करू या. मर्यादा एक नसते, तीन असतात. त्या वेगवेगळ्या ओळखल्या की पंपावर खोळंबा होत नाही.

पहिली मर्यादा : खात्याची

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ साली सुरू झाली. २०१२ साली तिच्यात सुधारणा झाली आणि पैसे काढण्याच्या यंत्रात व दुकानातल्या मशीनवर चालणारं कार्ड देण्याची सोय आली. खात्याची मर्यादा बँक मनानं ठरवत नाही. तिचा हिशेब असा :

जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी प्रत्येक पिकाला हेक्टरी कर्जाचा दर ठरवते. त्या दराला तुमच्या त्या पिकाखालच्या क्षेत्रानं गुणायचं. आलेल्या रकमेत १० टक्के काढणीनंतरच्या व घरच्या खर्चासाठी आणि २० टक्के अवजारं, पंप, ट्रॅक्टर यांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी मिळवायचे. शिवाय पीकविम्याचा हप्ता.

आपल्या या बंधूंचंच उदाहरण घेऊ. समजा, पिकाचा दर हेक्टरी ६० हजार आणि क्षेत्र दीड हेक्टर. म्हणजे ९० हजार झाले. १० टक्क्यांचे ९ हजार, २० टक्क्यांचे १८ हजार. एकूण १ लाख १७ हजार. विम्याचा हप्ता वेगळा. २०१२ च्या रचनेप्रमाणे खर्चवाढीपोटी पुढच्या वर्षी यात १० टक्के वाढ धरतात, म्हणजे दुसऱ्या वर्षी १ लाख २८ हजार ७०० रुपये.

तुमच्या पिकाचा चालू हंगामाचा दर बँकेत किंवा सोसायटीच्या गटसचिवांकडे विचारा आणि घरी बसून हाच हिशेब मांडून पाहा. मंजूर रक्कम कमी वाटली तर पिकाची नोंद तपासा. सात-बाऱ्यावर पीकपाहणी जुनी राहिली असेल, तर कर्जही जुन्या पिकाच्या दरानं बसतं.

तारणाची एक गोष्टही सांगून ठेवतो. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन तारण किंवा जामीन मागायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. त्याआधी ही रक्कम १ लाख ६० हजार होती.

दुसरी मर्यादा : कार्डाची, रोजची

आपले बंधू अडले ते इथं. विहिरीत पाणी पुष्कळ असलं तरी एका पोहऱ्यात येतं तेवढंच येतं. खात्याची मर्यादा ही विहीर, कार्डाची रोजची मर्यादा हा पोहरा.

एका दिवसात यंत्रातून रोख किती काढता येईल आणि दुकानात किंवा पंपावर किती रुपयांची खरेदी करता येईल, हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते. या बंधूंच्या कार्डावर खरेदीची रोजची मर्यादा २५ हजार होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच कार्डावर २२ हजारांचं बी-खत घेतलं होतं. उरले ३ हजार. डिझेल झालं ४ हजार २०० चं. मशीननं नकार दिला, त्यात नवल नाही. ३ हजारांचंच डिझेल घेतलं असतं तर कार्ड चाललं असतं आणि पेरणीही त्याच दिवशी झाली असती.

ही मर्यादा वाढवून घेता येते, कमीही करता येते. २०२० साली रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, कार्ड चालू-बंद करण्याची आणि मर्यादा बदलण्याची सोय बँकेने ग्राहकाला द्यावी. मोबाईलवर जमत नसेल तर शाखेत जा. पण जायचं ते पेरणीच्या आधी आठ दिवस. पंपावर उभं राहून बँकेला फोन लावण्यात अर्थ नाही.

तिसरी मर्यादा : टेकवून द्यायच्या पैशांची

नव्या कार्डांवर लाटांसारखी आडवी-उभी खूण असते. असं कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी पैसे जातात, गुप्त अंक लागत नाही. १ जानेवारी २०२१ पासून या पद्धतीची वरची हद्द एका वेळी ५ हजार रुपये केली आहे. त्यापेक्षा जास्त रक्कम असेल तर गुप्त अंक दाबावाच लागतो.

सोय चांगली आहे, पण कार्ड हरवलं तर सापडणाऱ्यालाही तीच सोय होते. ज्यांना तिची गरज नाही त्यांनी बँकेत सांगून ती बंद ठेवावी.

मर्यादा शिल्लक असूनही कार्ड अडतं, कारण...

वर्षाचं नूतनीकरण राहिलेलं असतं. जुनी बाकी मुदतीत भरलेली नसते. गुप्त अंक लागोपाठ चुकला म्हणून कार्ड त्या दिवसापुरतं बंद झालेलं असतं. कार्डाची मुदत संपलेली असते. ती कार्डावरच छापलेली असते. किंवा पंपावरच्या मशीनला रेंज नसते. यातली पहिली चार कारणं घरून निघण्याआधी तपासता येतात.

पैसे कापले, पण पावती नाही

काय होतं की, मशीन मध्येच थांबतं. पंपवाला म्हणतो, "पैसे आले नाहीत, पुन्हा द्या." इकडे मोबाईलवर पैसे कापल्याचा निरोप आलेला असतो. अशा वेळी घाई करू नका. आधी निरोप वाचा. मशीनमधून निघालेली चिठ्ठी मागून घ्या, व्यवहार फसल्याची असली तरी घ्या. ती आणि डिझेलची पावती दोन्ही जपून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असा फसलेला व्यवहार झाल्या दिवसापासून ५ दिवसांत पैसे आपोआप परत खात्यात आले पाहिजेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. पाच दिवसांनी पासबुक भरून घ्या. पैसे दिसले नाहीत तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला आधार राहत नाही.

आपण न केलेला खर्च खात्यावर दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१७ च्या नियमांत, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि त्यानं निरोप मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर तोशीस येत नाही. मात्र गुप्त अंक आपणच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

डिझेलवर व्याज किती चढतं?

कार्डावरचे पैसे आपले नव्हेत, ते कर्ज आहे. पंपावर कार्ड चाललं त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. केंद्राच्या व्याज सवलतीत ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज आहे. मुदतीत फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्केच पडतं. राज्य शासनाने २०२१ साली डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बदल करून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला उरलेल्या व्याजाचीही सवलत देण्याचा निर्णय घेतला.

हिशेब पाहा. ४ हजारांचं डिझेल घेतलं आणि सहा महिन्यांनी पैसे भरले. ७ टक्क्यांनी व्याज १४० रुपये, ४ टक्क्यांनी ८० रुपये. मुदत चुकली की सवलत जाते आणि त्यापुढं बँकेचा नेहमीचा चढा दर लागतो. फेडीची तारीख बँकेत विचारून घरच्या कॅलेंडरवर लाल खूण करा.

काही बंधू शहरातल्या मुलाचं क्रेडिट कार्ड वापरतात. नाव सारखं असलं तरी ते कार्ड निराळं. त्यावर बाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकतं. म्हणजे ४ हजारांवर एकाच महिन्यात १४० रुपये, जे किसान कार्डावर सहा महिन्यांत होतात. शिवाय अशा कार्डावर इंधन घेतलं की बऱ्याच बँका सुमारे १ टक्का अधिभार लावतात. पूर्ण बिल तारखेला भरणार असाल तरच ते कार्ड वापरा. 'किमान रक्कम' भरून भागलं असं समजू नका. राहिलेल्या बाकीवर व्याज चढतच राहतं.

आणखी एक. डिझेलच्या नावानं कार्ड चालवून पंपावरून रोख घेण्याच्या फंदात पडू नका. दलालीही जाते आणि कर्जही वाढतं.

पंपावर जाण्यापूर्वी हे ध्यानात ठेवा

१) आज कार्डावर किती खर्च झाला, रोजची मर्यादा किती उरली, हे पाहून मगच निघा.
२) मशीन चालू आहे का, हे टाकी भरण्याआधी विचारा. किती रुपयांचं हवं तेही आधीच सांगा.
३) आकडा शून्यावर आहे ना, ते पाहा. मापाची शंका आली तर ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं.
४) मशीनवरची रक्कम स्वतः वाचा आणि गुप्त अंक स्वतः दाबा, हाताचा आडोसा करून.
५) पावती घ्या, वहीत नोंद करा : तारीख, लिटर, रुपये, कोणत्या शेताचं काम.
६) पेरणीच्या दिवसांत एका टाकीपुरती रोख घरात ठेवा. कार्ड अडलं तरी पाभर अडायला नको.

आपल्या त्या बंधूंनी यंदा मृगाआधीच बँकेत जाऊन रोजची मर्यादा वाढवून घेतली आणि वहीही घातली. ती वही त्यांनी परवा मला दाखवली. रोहिणीपासून पेरणीपर्यंत डिझेलला एकरी किती रुपये लागले, ते त्यांना आता तोंडपाठ आहे. तुम्हीही वही घाला. काही अडलं तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर कार्ड टाका. कार्ड म्हणजे पोस्टाचं बरं का!

राम राम.

– कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)