भूक पोटात की डोक्यात?

पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो. पण भुकेचा हिशेब ठेवणारा कारकून बसलेला असतो मेंदूच्या तळाशी. बदामाएवढ्या त्या भागाला हायपोथॅलॅमस म्हणतात.

हे आपल्याला शिकवलं उंदरांनी. १९४० साली हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी उंदरांच्या या भागातली मधली बारीकशी जागा निकामी केली, तेव्हा ते उंदीर भलतेच लठ्ठ झाले. पुढे १९५१ साली आपले डॉ. बालकृष्ण आनंद आणि अमेरिकेचे ब्रोबेक यांनी दोन्ही बाजूंच्या जागा निकामी केल्या. दात शाबूत, पोट शाबूत, पुढ्यात अन्न; तरी उंदीर उपाशी मेले. खाण्याची इच्छाच उरली नव्हती!

तहानेचंही असंच. घाम गेला की रक्त खारट होतं. ते मेंदूतल्या काही पेशींना कळतं, आणि आपला हात तांब्याकडे जातो.

मात्र हे दिव्याच्या बटणाइतकं सोपं नाही. असेच उंदीर नळीने भरवून जगवले, तर पुढे आपण होऊन खाऊ लागतात, हे १९५४ साली दिसलं. अंगातली चरबीही मेंदूला निरोप धाडते. तो निरोप्या, लेप्टिन, १९९४ साली सापडला.

तेव्हा गुरुजी, वर्गातल्या एखाद्या पोराला 'खादाड' किंवा 'नखरेबाज' म्हणण्याआधी क्षणभर थांबावं. भूक ही नुसती स्वभावाची गोष्ट नव्हे.