दिव्याखालची मेथी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

‘दिव्याखाली अंधार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती पणतीच्या आणि समईच्या काळातली. विजेचा दिवा वरून टांगलेला असतो, त्यामुळे त्याच्या खालीच सर्वांत जास्त उजेड पडतो. या उजेडावर एखादे रोप वाढेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विज्ञान दहावीबरोबर संपले. तरीही हा विषय निवडला, कारण तो माझ्यासारख्या अनेकांच्या घरातला आहे. शहरातील कितीतरी खोल्यांत ऊन येत नाही. आणि ऊन नाही म्हणून कुंडी नाही, असेच आपण धरून चालतो. हे कितपत खरे आहे, ते पाहण्याचा मी प्रयत्न केला. त्यासाठी वापरला तो सीएफएल, म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लुरोसंट लॅम्प. एलईडी दिवे आल्यापासून हे पिळाचे किंवा दुहेरी नळ्यांचे दिवे मागे पडले आहेत, पण बऱ्याच घरांत माळ्यावर एखादा दुसरा अजून सापडतो.

घटावरचे धान

उजेड न मिळाल्यास रोपाचे काय होते, हे पाहायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरतो आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवतो. दसऱ्यापर्यंत कोंब वीतभर वाढतात. पुरुष मंडळी ते टोपीत खोवतात. हे कोंब नेहमी पिवळट आणि लांबसडक असतात. त्याच धान्याचे शेतातले रोप मात्र त्याच दिवसांत आखूड, जाड आणि हिरवेगार दिसते.

याचे कारण सोपे आहे. बियाण्यात थोडे अन्न साठवलेले असते. अंधारातला कोंब ते सर्व अन्न उंच होण्यात खर्च करतो, कारण वर कुठेतरी उजेड भेटेल अशी त्याची धडपड असते. उजेडावाचून त्याच्यात हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून तो पिवळा राहतो. साठा संपला की तो मान टाकतो. तेव्हा रोप उंच वाढले म्हणजे चांगले वाढले, असे समजू नये. घरातल्या कुंडीतील फांदी लांब होऊन खिडकीकडे झुकू लागली, तर ती उपाशी आहे असे खुशाल समजावे.

हिरव्या पानांना आपले काम करण्यासाठी उजेडच लागतो, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले. पण तो उजेड सूर्याचाच हवा काय? १८८० साली विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये विजेच्या आर्क दिव्याखाली झाडे ठेवून पाहिली आणि विजेच्या उजेडातही पाने हिरवी होतात, वाढतात असे दाखवले. म्हणजे प्रश्न उजेड कोणाचा हा नसून उजेड किती आणि कोणत्या रंगाचा, हा आहे.

डोळ्यांचा उजेड आणि पानांचा उजेड

येथे आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे. दिवा लावलेल्या खोलीत हाच आकडा शंभर ते पाचशेच्या दरम्यान येतो. म्हणजे खोलीतला उजेड उन्हाच्या दोनशेव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. पण आपल्या डोळ्यांतील बाहुली लहानमोठी होते आणि दृष्टी सवय करून घेते, त्यामुळे आपल्याला खोली ‘छान उजळ’ वाटते. पानाला अशी सोय नाही. त्याला जेवढा उजेड मिळेल तेवढेच अन्न तयार होणार.

दुसरी गोष्ट रंगाची. हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. हिरव्यातला त्या मानाने जास्त भाग परत फेकला जातो, म्हणून तर पान आपल्याला हिरवे दिसते. आपल्या डोळ्यांना मात्र हिरवट-पिवळा प्रकाशच सर्वांत तेजस्वी वाटतो. म्हणजे आपली आवड आणि पानाची आवड जवळजवळ उलटी आहे.

सीएफएलच्या नळीत अगदी थोडा पारा असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीच्या आतल्या बाजूस दिलेला पांढरा लेप ते शोषतो आणि त्याचे दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो. लेप जसा, तसा उजेडाचा रंग. खोक्यावर ६५०० के असे छापलेले असेल तर त्या पांढऱ्या उजेडात निळा भाग अधिक असतो. तो पानांच्या वाढीला बरा. २७०० के असेल तर तो पिवळसर उजेड, त्यात तांबडा भाग अधिक. पालेभाजी आणि लहान रोपे यांना पहिला दिवा योग्य ठरतो.

अंतराचा हिशोब

या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अंतर ही आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, तो चौथ्या हिश्श्यावर येतो. वीस वॅटचा सीएफएल सुमारे बाराशे ल्युमेन उजेड देतो. तो चहूकडे सारखा पसरतो असे धरून आणि भिंतीवरून परतणारा उजेड सोडून मी स्थूल हिशोब केला. पंधरा सेंटिमीटरवर सुमारे ४२०० लक्स, तीसवर १०५०, साठवर २६० आणि छताला लावलेल्या दिव्यापासून १८० सेंटिमीटर खाली जेमतेम ३० लक्स. दिवा तोच, वीज तेवढीच. पण छताच्या दिव्याखालचे रोप उपाशी आणि वीतभर अंतरावरचे पोट भरून.

सीएफएलचा खरा गुण येथे दिसतो. जुना तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो; तो वीतभर अंतरावर आणला तर पाने करपतील. सीएफएलची नळी त्या मानाने फार कमी तापते, म्हणून त्याला रोपाच्या अगदी जवळ आणता येते. दिवा उभा टांगण्याऐवजी आडवा धरावा, कारण त्याचा बहुतेक उजेड नळ्यांच्या बाजूंनी निघतो. भोवती पांढरा पृष्ठभाग असल्यास वाया जाणारा उजेडही परत येतो.

मात्र दिवा रात्रभर जळत ठेवू नये. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, काही झाडे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. आपली शेवंती त्यांपैकीच. तिला फुलायला लांब, सलग रात्र लागते. पालेभाजीला रोज बारा ते चौदा तासांचा उजेड पुरे.

आमच्या खोलीतील मेथी

आमचे गाव माण तालुक्यात. तिथे ऊन सोडून दुसरे काही मुबलक नाही. शहरात आम्ही राहतो ती खोली तळमजल्यावर आहे आणि समोर सहा मजली इमारत उभी आहे. खिडकीत भर दुपारी मोबाइलच्या प्रकाशमापकाने पाहिले, तर आकडा तीनशेच्या पुढे जात नाही. आजीने गावाहून आणलेली तुळस या खिडकीत झडत चालली होती.

वडिलांनी माळ्यावर जपून ठेवलेले दोन सीएफएल मी काढले. फळवाल्याकडून आंब्याची लाकडी पेटी आणली, तिला आतून चुना लावला आणि दिवा आडवा बसवला. मिठाईच्या दोन डब्यांना भोके पाडून त्यांत स्वयंपाकघरातली मेथी पेरली. एक डबा दिव्याखाली वीतभर अंतरावर, दुसरा खिडकीत. आजी म्हणाली, “दिव्याखाली कुठं भाजी पिकती व्हय गं?”

खिडकीतली मेथी आधी उंच झाली, हे पाहून आजीला आपलेच खरे वाटले. पण दहाव्या दिवशी ती घटावरच्या धानासारखी पिवळट होऊन लवंडली. पेटीतली मेथी बुटकी, पण ताठ आणि गर्द हिरवी होती. दोन आठवड्यांनी बाजारातल्या समुद्रमेथीच्या दोन जुड्यांएवढी भाजी निघाली. मग दुसऱ्या दिव्याखाली तुळस ठेवली. तिला नवी पाने फुटली, मात्र मंजिरी आली नाही. आजीने पाने पाहिली, पण संध्याकाळी कुंडी पेटीबाहेर काढून तिच्यापुढे निरांजन ठेवले. “दिवा तुळशीपुढं लावायचा असतो, तुळशीवर न्हाई,” असे तिने मला बजावले.

यावरून काय साधते आणि काय साधत नाही, ते स्पष्ट होते. मेथी, कोथिंबीर, पुदिना, हळीव, मनीप्लँट, टोमॅटो-मिरचीची लहान रोपे एवढे या उजेडावर चालते. टोमॅटोला फळ धरणे किंवा मोगरा-गुलाब फुलणे यासाठी तो फारच तोकडा आहे.

खर्च आणि धोका

वीस वॅटचा दिवा रोज चौदा तास जळला तर महिन्याला ८.४ युनिट वीज जाते. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज पावणेचार तास फिरवण्याइतकी ही वीज आहे. दोन-चार जुड्यांसाठी हा व्यवहार फायद्याचा नाही, हे घरात बिल भरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

धोका पाऱ्याचा. दिवा फुटला तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, केरसुणी न फिरवता जाड कागदाने तुकडे गोळा करावेत आणि झाकणाच्या बरणीत भरावेत. जळून गेलेला दिवाही रोजच्या कचऱ्यात टाकू नये. नियमांप्रमाणे तो ई-कचऱ्यात मोडतो. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील देशांनी तर घरगुती वापराचे सीएफएल बनवणे आणि त्यांची आयात-निर्यात २०२५ अखेर थांबवावी, असे २०२२ साली ठरवले. तेव्हा कोणी मुद्दाम हे दिवे शोधत फिरू नये. घरात असतील ते वापरावेत. नवा घ्यायचा तर एलईडी घ्यावा. त्यात पारा नाही, आणि एवढ्याच उजेडाला वीज साधारण निम्मी लागते. अंतराचा नियम मात्र त्यालाही तोच. पाणी घालताना बटण बंद करावे, हे दोन्ही दिव्यांना लागू.

असो. दिव्यावर मेथी पिकवता येते, हे मी पाहिले. पण त्याबरोबर उन्हाची किंमतही मला प्रथमच युनिटांत कळली. गावाकडे अंगणातल्या तुळशीला जे फुकट मिळत होते, त्याच्या पासंगालाही न पुरणारा उजेड आम्ही मीटर लावून विकत घेतो. दोन इमारतींत किती अंतर सोडायचे हे जे ठरवतात, ते तळमजल्यावरच्या खिडकीत किती ऊन पोचेल हेही ठरवत असतात. त्या खिडकीत नुसती कुंडी नसते. तिथे माणसे राहतात, लहान मुले अभ्यास करतात. झाड निदान पिवळे पडून तक्रार करते. आपल्या डोळ्यांना तर कमी उजेडाची सवय होऊन जाते, आणि म्हणून आपण काही बोलत नाही.