किल्लारीची पहाट आणि चतुर्विध दान

अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे गाढ झोपी गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि काही क्षणांतच किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली. सुमारे ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

रिश्टर मापनावर हा भूकंप ६ हून थोडा अधिक होता. त्याहून मोठे भूकंप जगाने अनेकदा अनुभवले आहेत. मग येथेच एवढा संहार का झाला? मराठवाडा भूकंपापासून सर्वांत सुरक्षित प्रदेशांत गणला जात होता. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छत त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. माणसे मारली ती भूकंपाहून अधिक घरांनी.

आपल्या धर्मात आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चार प्रकारचे दान सांगितले आहे. आपत्तीच्या प्रसंगी पहिली दोन दाने आपोआप घडतात. धान्य, कपडे, औषधे घेऊन वाहने निघतात. व्यापारी समाज यात कधीच मागे राहिलेला नाही. परंतु या दोन दानांची गरज काही आठवड्यांची असते. उरलेली दोन दाने वर्षानुवर्षांची जबाबदारी मागतात, आणि दात्याची खरी परीक्षा तेथेच होते.

ज्ञानदानाचा आदर्श किल्लारीनेच दाखविला. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. एका धनादेशावर सही करून हे काम संपत नाही. मूल शिकून स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत हे खाते चालूच ठेवावे लागते.

अभयदान म्हणजे जीवाला भयमुक्त करणे. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने ५२ गावे नव्या जागी वसविली. अन्यत्र जुनी घरे बळकट करण्याचे काम झाले: भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बसविणे, काँक्रीटचा आडवा पट्टा देणे, माळवदावरील मातीचा भार उतरविणे. उपाय साधे आहेत. मात्र ते आपत्तीपूर्वी केले तरच त्यांचे मोल.

म्हणून वाचकांना एक नम्र विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वडिलोपार्जित वाडे, दुकाने व गोदामे आजही दगडमातीची आहेत. तेथे आपले कुटुंब राहते, मुनीम बसतात, हमाल राबतात. अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता होते आणि त्यानंतर क्षमावाणीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. यंदा त्या निमित्ताने जाणकार अभियंत्याकडून आपल्या वास्तूची तपासणी करून घ्यावी. आपल्या छताखाली झोपणाऱ्या प्रत्येकास निर्भय करणे, हेही अभयदानच होय.