रात्रीच्या सरावातून न परतलेली किरण

आमच्या भंडाऱ्यात पाणी म्हणजे वैनगंगा आणि गावोगावचे तलाव. समुद्र आम्ही पाहिला तो हाजीअलीला गेलो तेव्हा, तोही काठावरूनच. त्यामुळे बारावीतली भाची परवा म्हणाली, "मामू, एनडीएचा फॉर्म भरते. नौदलात जायचंय, विमानावर," तेव्हा घरात क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आपा एवढंच म्हणाली, "गोव्याच्या समुद्रात गेली ती पोर आठवते ना?"

आठवत होती. लेफ्टनंट किरण शेखावत. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी, ओबामा पाहुणे असताना, राजपथावर नौदलाची महिला तुकडी चालली, त्यात ती होती. दोन महिनेही झाले नव्हते. २४ मार्चच्या रात्री दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून डॉर्नियर विमान सरावाला निघालं आणि दहाच्या सुमारास त्याचा संपर्क तुटला. वैमानिक कमांडर निखिल जोशी यांना एका मच्छीमाराने पाण्यातून वाचवलं. किरण आणि सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी सापडत नव्हते. जहाजं, विमानं, पाणबुडे शोधत राहिले. २६ तारखेला समुद्रतळाशी विमानाचा सांगाडा मिळाला. किरणचा मृतदेह त्यातच होता. नागोरींचा त्यानंतर मिळाला. जिच्या लेकराचा दोन दोन दिवस पत्ता लागत नाही, त्या आईची रात्र कशी सरत असेल, हे आपा बोलली नाही, पण आम्हाला कळलं.

किरण विमान चालवत नव्हती. ती ऑब्झर्व्हर होती. वैमानिक विमान सांभाळतो. रडार आणि इतर यंत्रं पाहून खाली काय आहे, कुठे जायचं, काय करायचं, हे ऑब्झर्व्हर ठरवतो. हे काम मुलींना २००९ पासून मिळालं. वैमानिक म्हणून पहिली मुलगी, शिवांगी, डिसेंबर २०१९ मध्ये आली. म्हणजे किरण गेली तेव्हा ती वाट उघडलेलीही नव्हती.

लोक विचारतात, युद्ध नसताना अंधारात समुद्रावर जायचंच कशाला? २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. रात्रीचं काम रात्रीच शिकावं लागतं. तरी लढाईत गेलेल्याचं नाव चौकाला लागतं आणि सरावात गेलेल्याचं आठवड्याभरात वर्तमानपत्रातून जातं, हे आम्हाला खटकतं. 'शहीद' म्हणायचं की नाही यावर तर लोक हुज्जत घालतात. खरं म्हणजे सैन्यदलांच्या अधिकृत कागदांत तो शब्द कुणासाठीच नाही. संरक्षण मंत्रालयाने संसदेतच तसं सांगितलं आहे.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं. मग तिने मोबाइलवर ऑगस्ट २०२२ ची बातमी काढून आपाला दाखवली: पोरबंदरहून फक्त महिलांच्या चमूने डॉर्नियरवर टेहळणी केली होती. विमान तेच, आपाने लगेच ओळखलं. मग खडकवासल्याची दाखवली. ३० मे २०२५ ला एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

आपाने फोटो मोठा करून प्रत्येकीचा चेहरा पाहिला. हो अजून म्हटलेलं नाही. "आधी पोहायला शीक," एवढं म्हणून ती नमाजला उठली. रविवारपासून भाचीला शिकायला नेण्याचं काम आमच्याकडे आलं आहे.